मैदानाचा चाकर, खेळाचा धनी : बाळू पालवणकर ह्यांचे चरित्र



आपल्या महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांतून माणसे पोटासाठी बाहेर पडली, ती बहुधा तीन वाटांनी. कोणी पलटणीत गेले, कोणी मुंबईच्या गिरणीत, आणि कोणी आगगाडीच्या नाहीतर गोदीच्या कामावर. तुडीलसारख्या गावात क्वचितच असे घर सापडेल की ज्यातील एखादा आजा वा चुलता ह्यांपैकी एका वाटेने गेला नसेल. परंतु खेळ खेळून पोट भरावे आणि त्यातच नाव काढावे, ही चौथी वाट त्या काळी कोणास ठाऊकच नव्हती. ती वाट ज्यांनी आपल्या हातांनी पाडली, त्या कै. बाळू पालवणकर ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ कोकणच्याच मातीचे. पालवण ह्या कोकणातील गावावरून त्यांच्या घराण्यास हे नाव पडले. ते चांभार कुळात जन्मले, म्हणजे त्या काळच्या समाजाने ज्यांस अस्पृश्य मानले त्यांच्यापैकी ते होते. हिंदुस्थानात क्रिकेटच्या खेळात ज्या गोलंदाजाने प्रथम मोठी कीर्ति मिळविली, तो हाच पुरुष होय.

बाळू ह्यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील पुष्कळ कुटुंबांना पलटणीच्या चाकरीमुळेच गावकीच्या जाचातून थोडी सुटका मिळे व मुलांच्या कानावर चार अक्षरे पडत. पुढे हे कुटुंब पुण्यास राहावयास आले. पुणे म्हणजे साहेबांची छावणी, आणि छावणी म्हटली की तेथे क्रिकेटचे मैदान असावयाचेच. साहेब खेळून गेले म्हणजे त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या फळ्या आणि झिजलेले चेंडू मुलांच्या हाती पडत. बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम ह्यांनी हा खेळ उचलला तो अशाच टाकाऊ साहित्यावर. त्यांच्या पाठचे गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही पुढे नामांकित खेळाडू निघाले. एका घरातील चौघे भाऊ मोठ्या सामन्यांत खेळले, ही गोष्ट श्रीमंतांच्या घरीही दुर्मिळच.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे बाळू ह्यांस लहानपणीच कामास लागावे लागले. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात त्यांस नोकरी मिळाली. काम काय, तर मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे. पगार महिना ३ रुपये. मधून मधून क्लबाच्या सभासदांना सरावासाठी चेंडूही टाकावे लागत. सुमारे १८९२ साली ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात गेले व तेथे त्यांस महिना ४ रुपये मिळू लागले. जाळ्या बांधणे, रूळ ओढणे, चुन्याच्या रेघा मारणे ही चाकरी तेथेही होतीच.

ह्या क्लबात ग्रेग नावाचा एक गोरा लष्करी अधिकारी होता. त्या वेळी हिंदुस्थानातील इंग्रज फलंदाजांत त्याची गणना फार वरची होती. तो इतरांच्या आधी मैदानावर येई व बाळू ह्यांस गोलंदाजी करावयास लावून आपला सराव करून घेई. बाळूंनी जितक्या वेळा आपणांस बाद करावे तितक्या वेळा त्यांच्या हातावर आठ आणे ठेवण्याचा त्याचा परिपाठ होता, असे सांगतात. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका चेंडूचे आठ आणे! म्हणजे आठ वेळा साहेबास बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी कमाई झाली. ह्या आठ आण्यांच्या मोहाने म्हणा वा अंगच्या हुन्नराने म्हणा, तो तरुण रोज तासन् तास चेंडू टाकीत राहिला आणि त्याची बोटे तयार झाली.

परंतु येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. ह्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण फळी त्यांच्या हाती सहसा कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे घाम गाळण्याचे काम, ते चाकराचे. आणि फळी फिरविणे हे ऐटीचे काम, ते धन्याचे. अशी तेथील समजूत होती. कष्टाचा वाटा एकाकडे व शोभेचा दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या गावांतही जुनीच आहे. शेत कोणी नांगरावे आणि खळ्यावर मानाने कोणी बसावे, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावयास नको होते.

आता बाळू ह्यांची कला कोणती, हे ज्यांनी क्रिकेटचा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूस तीन काठ्या रोवलेल्या असतात, त्यांस यष्टी म्हणतात. त्यांच्यापुढे फलंदाज फळी घेऊन उभा राहतो. समोरून गोलंदाज चेंडू टाकतो. यष्टी पडली, किंवा मारलेला चेंडू जमिनीस लागण्याआधी कोणी झेलला, की फलंदाज बाद होतो. कित्येक गोलंदाज केवळ जोरावर भिस्त ठेवितात. बाळू डावखुरे होते व त्यांची चाल संथ होती. त्यांचे बळ बोटांत होते. पोरे भोवऱ्यास जाळी गुंडाळून तो सोडतात तेव्हा तो जागच्या जागी गरगरतो व खडा लागला की एकदम बाजूस उडतो, हे सर्वांनी पाहिलेच आहे. बाळू चेंडूस तशीच फिरकी देत. तो हवेतून हळू येई, समोरच्यास वाटे की हा सहज मारावा. पण भुईस टेकताच तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळे. त्यांचा प्रत्येक चेंडू उंचीने, वेगाने व वळणाने मागच्याहून निराळा असे. फलंदाजाचा दोष कोणता हे हेरावे आणि त्याच दोषाचे त्यास आमिष दाखवावे, ही त्यांची रीत. ह्यास ताकदीपेक्षा धीर अधिक लागतो.

हळूहळू त्यांची कीर्ति पुणे शहरात पसरली. शहरातील हिंदू खेळाडूंनी आपला क्लब काढला होता व त्यांस गोऱ्यांच्या संघास हरविण्याची फार उमेद होती. त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा, हे सर्वांस दिसत होते. पण चांभाराच्या मुलास आपल्यात घ्यावे कसे, हा पेच पडला. वादविवाद झाला, कित्येकांनी विरोध केला, आणि शेवटी जिंकण्याच्या इच्छेने जातीच्या अभिमानावर अर्धीच मात केली. बाळू ह्यांस संघात घेतले गेले, परंतु मैदानापुरतेच. खेळ चालू असता जो चेंडू बाळूंच्या बोटांतून सुटे तोच ब्राह्मण खेळाडू आपल्या हातांनी झेलीत, उचलीत व परत बाळूंकडे फेकीत. त्यात कोणास विटाळ वाटत नसे. मात्र चहाची वेळ झाली की बाकीचे सारे आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळू ह्यांस बाहेर उभे करून मातीच्या मडक्यात चहा देत. त्यांचे जेवण निराळ्या पात्रावर, निराळ्या जागी. तोंड धुवावयाचे असले तर त्यांच्याच जातीच्या एखाद्या चाकराने कोपऱ्यात त्यांच्या हातावर पाणी ओतावे.

वाचकहो, क्रिकेटचा चेंडू वरून चामड्याचा असतो. ज्यांचे पिढीजात काम चामड्याचे, म्हणून ज्यांस दूर ठेवावयाचे, त्यांच्याच पंक्तीतील माणसाच्या हातचा चामड्याचा चेंडू दिवसभर हाताळावा आणि घटकाभर विश्रांतीत मात्र त्याच्या हातचा पेला अशुद्ध ठरावा! विटाळ चामड्यात नव्हता, हाताच्या स्पर्शात नव्हता, पाण्यातही नव्हता. तो पाहणाऱ्याच्या मनात होता, आणि गरज पडली की तो घटकाभर विसरता येत होता.

बाळूंच्या साहाय्याने पुण्याच्या हिंदू संघाने मोठे मोठे विजय मिळविले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेला सामना त्यांत विशेष गाजला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला होता, अशी गोष्ट सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले व हिंदू संघ जिंकला. त्या विजयानंतर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनी सभेत बाळूंचा गौरव केला, आणि ज्यांस त्यांच्याबरोबर खेळता येते त्यांस त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास अडचण नसावी, ह्या अर्थाचे बोल आपल्या लोकांस सुनावले. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा जाहीर सन्मान केला. त्या काळच्या पुण्यात अशा गोष्टीस किती धैर्य लागे, हे जाणते लोक जाणतील.

पुढे प्लेगचे दिवस आले. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ह्या रोगाने हाहाकार उडविला. त्या सुमारास बाळू ह्यांनी मुंबईची वाट धरली. तेथे प्रथम ते लष्कराच्या व मागाहून आगगाडीच्या नोकरीत राहिले व त्या त्या संघातून खेळले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच स्थापन झाला होता. त्यात बाळूंस घेण्यास काही सभासदांनी हरकत घेतली, परंतु कप्तान कीर्तिकर ह्यांनी आग्रह धरून त्यांस आत आणले. येथे पुण्याहून एक पाऊल पुढे पडले. मुंबईचे हिंदू खेळाडू बाळूंबरोबर नुसते खेळत नसत, तर त्यांच्याबरोबर बसून जेवतही असत. मैदानावरून पंक्तीपर्यंतचे अंतर फार तर शंभर पावलांचे असेल. पण तेवढे चालावयास कित्येक वर्षे लागली.

१९०६ सालचा फेब्रुवारी महिना. मुंबईत हिंदू आणि युरोपियन ह्यांचा मोठा सामना ठरला. तोपर्यंत गोऱ्यांशी बरोबरीने लढण्याचा मान मुख्यत्वे पारशी लोकांकडे होता. ह्या सामन्यात बाळू व शिवराम हे दोघे भाऊ हिंदूंच्या बाजूने उतरले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांनी १९१ व १०२. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. शहरात आनंदीआनंद झाला. सुधारकांच्या वृत्तपत्राने ह्यातून मोठा धडा काढला. तो असा की, जातिभेदाची भिंत थोडी पाडून ह्या दोघा भावांस आत घेतले म्हणूनच हा विजय मिळाला. मग सर्व भिंत पाडल्यास देशाचे किती हित होईल? पुढच्याच वर्षी पारशी, हिंदू व युरोपियन ह्यांच्या तिरंगी सामन्यांस आरंभ झाला आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले.

१९११ साली सर्व हिंदुस्थानचा एक संघ प्रथमच विलायतेस गेला. त्यात पारशी, हिंदू व मुसलमान असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. म्हणजे एका बाजूस सिंहासनाचा धनी आणि दुसऱ्या बाजूस एके काळी तीन रुपयांवर मैदान झाडणारा मजूर, असे दोघे एकाच संघात! संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. २३ सामन्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले व २ अनिर्णित राहिले. परंतु ह्या अपयशात बाळूंचा पराक्रम उठून दिसला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर त्यांनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात १०३ धावा देऊन आठ गडी घेतले. लीस्टरशायर व सॉमरसेट ह्या इंग्लंडातील नामांकित परगण्यांच्या संघांस हिंदुस्थानने हरविले. त्या यशातही ह्या भावांचा वाटा मोठा होता. तेथील जाणत्यांनी बाळूंची तुलना आपल्या उत्तम गोलंदाजांशी केली.

विलायतेहून परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी त्यांचा मोठा सत्कार केला. ज्या माणसास बाहेर मडक्यात चहा मिळाला होता तो सातासमुद्रापलीकडे जाऊन नाव करून आला, ह्याचा त्यांस किती आनंद झाला असेल! त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते, असे चरित्रकार नमूद करतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

एवढे सारे झाले, तरी एक दार बाळूंसाठी बंदच राहिले. ते दार कप्तानपदाचे. हिंदू संघात बाळूंहून वडील, अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. तरीही वर्षामागून वर्षे कप्तान निवडावयाची वेळ आली की नाव दुसऱ्याचेच निघे. बाळूंनी गडी बाद करावे हे सर्वांस चाले. पण त्यांनी आज्ञा द्यावी आणि उच्च म्हणविणाऱ्या जातींच्या खेळाडूंनी ती पाळावी, हे काही केल्या गळी उतरत नव्हते. १९१३ साली एम. डी. पै ह्यांची कप्तान म्हणून निवड झाली. पै हे सारस्वत ब्राह्मण होते. आपल्याच सत्काराच्या सभेत त्यांनी मोकळ्या मनाने सांगितले की हा मान वास्तविक बाळूंचा होता. ज्यास मान मिळाला त्यानेच तो आपला नव्हे असे म्हणावे, हे फार थोड्यांस साधते.

शेवटी १९२० साली ही गोष्ट उघड्यावर आली. त्या वर्षी चौरंगी सामने पुण्यास होते. कप्तान पै आजारी होते, म्हणून पहिल्या सामन्यासाठी दुसऱ्या कोणास नेमणे प्राप्त झाले. बाळूंस कप्तान करण्याचे तर राहोच, त्यांस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्या दोघा भावांनी काय केले? ते भांडले नाहीत व आदळआपटही केली नाही. त्यांनी आपली नावे मागे घेतली आणि त्याचे कारण जाहीर पत्राने लोकांपुढे मांडले. ते असे की, आम्हांस कृपा नको, न्याय हवा. ज्याची योग्यता अधिक त्यास जातीमुळे मागे सारण्यात येत असेल तर अशा संघात आम्ही खेळणार नाही. ह्यावर शहरात व वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. अंतिम सामन्याच्या वेळी पै बरे होऊन परत आले, भाऊही परतले, आणि बाळूंस उपकप्तान नेमण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले व संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेवढा वेळ का होईना, चव्वेचाळीस वर्षांच्या त्या वृद्ध खेळाडूने हात करावा आणि सर्व जातींच्या खेळाडूंनी त्या दिशेस धावावे, असे दृश्य पुण्यात लोकांनी पाहिले. ह्याच पुण्यात त्यांस एके काळी बाहेर उभे करून चहा दिला जात होता.

जे थोरल्या भावास पुरते लाभले नाही ते धाकट्यास लाभले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले आणि लोकांनी विठ्ठलास खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानीत, त्यांस खांद्यावर घेण्यास त्या दिवशी जात आड आली नाही. विठ्ठल ह्यांनी पुढे आपल्या खेळाच्या आठवणी मराठीत पुस्तकरूपाने लिहून ठेविल्या.

ही कहाणी केवळ आपल्याच देशात घडली असे मात्र वाचकांनी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तोही फळी-चेंडूचाच, आणि तेथील लोकांस तो आपणांस विटीदांडू वाटावा तसा घरचा वाटतो. १८६९ साली सिन्सिनाटी शहराच्या संघाने आपल्या सर्व खेळाडूंस उघडपणे पगार देण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून तेथे खेळ हा पोटाचा धंदा झाला. १८८४ साली टोलेडो शहराच्या संघातून मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा काळ्या वंशाचा खेळाडू मोठ्या सामन्यांत खेळला, व त्याच वर्षी त्याचा भाऊही खेळला. परंतु कित्येक गोऱ्या खेळाडूंस काळ्या माणसाबरोबर एका मैदानावर उतरणे सहन होईना. लवकरच मोठ्या संघांची दारे काळ्या लोकांस बंद झाली, ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघात येईपर्यंत उघडली नाहीत. तेथे विटाळ रंगाचा, येथे जन्माचा. तेथील दार साठ वर्षांहून अधिक काळ पुरतेच बंद राहिले. येथील दार अर्धे उघडे ठेवून माणसास उंबऱ्यावर उभे केले गेले. ह्यांपैकी दुःख कोणते अधिक, हे ज्याने सोसले त्यानेच सांगावे.

आता बाळूंच्या आयुष्याचा उत्तरभाग. १९२० नंतर त्यांनी मोठा खेळ सोडला. वरच्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते, आणि एका गड्यामागे सरासरीने पंधरा धावांहून थोड्याच अधिक दिल्या होत्या. त्यांच्या लोकांत त्यांचे वजन मोठे होते व ते सार्वजनिक कामात पडले. त्याच काळात आपल्या महाडास ती गोष्ट घडली जी ह्या भागातील लहान मुलांसही ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर ह्यांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ज्या पाण्यास गुरे तोंड लावू शकत त्यास माणसाने हात लावावा की नाही, हा तो प्रश्न. पुण्याच्या मैदानावर कोपऱ्यात हातावर ओतलेले पाणी आणि महाडच्या तळ्याचे पाणी, ह्यांत आम्हांस काहीच अंतर दिसत नाही.

बाळू व डॉ. आंबेडकर ह्यांचे मार्ग मात्र पुढे निराळे झाले. अस्पृश्य मानलेल्यांस वेगळे मतदारसंघ असावेत की सर्वांबरोबर एकत्र असावेत, ह्यावर मतभेद पडला. बाळू एकत्र मतदारसंघाच्या बाजूचे होते. महात्मा गांधींच्या येरवड्यातील उपवासानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्यावर डॉ. आंबेडकर ह्यांच्याप्रमाणेच बाळू ह्यांचीही सही आहे. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंस डॉ. आंबेडकर ह्यांच्याविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर ह्यांस १३,२४५ मते पडली व बाळूंस ११,२२५. ज्याने एकेकाळी मानपत्र तयार केले व ज्यास ते मिळाले, ते दोघे असे समोरासमोर आले. ह्यात कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे, ह्याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. एवढेच म्हणतो की, दोघांसही दार उघडावयाचे होते. एकास वाटले ते आतल्यांच्या सद्बुद्धीने उघडेल. दुसऱ्यास वाटले ते बाहेरच्यांनी एकजुटीने ढकलल्यावाचून उघडणार नाही. बाळूंचे स्वतःचे चरित्र पाहिले तर दोन्ही गोष्टी त्यात सापडतात. कीर्तिकर व पै ह्यांच्यासारखे आतले लोक नसते तर दार हललेच नसते. आणि १९२० साली भावांनी नावे मागे घेतली नसती तर ते आणखी किती वर्षे तसेच राहिले असते, कोण जाणे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर ह्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मृत्यूनंतर दीर्घ काळपर्यंत त्यांचे नाव थोड्यांच्याच स्मरणात राहिले. चालू शतकाच्या आरंभी रामचंद्र गुहा ह्या इतिहासकारांनी हिंदी क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्यांची कथा विस्ताराने प्रकाशात आणली, तेव्हा पुष्कळांस त्यांची नव्याने ओळख झाली.

ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? काही जण म्हणतील, अंगी गुण असला की मान आपोआप मिळतो. आम्हांस तसे वाटत नाही. बाळूंच्या अंगचा गुण १९०६ सालीच सर्वांस दिसला होता. तरी चौदा वर्षांनंतर, घटकाभरच, त्यांच्या हाती सूत्रे आली. गुणाने दार अर्धे उघडते. उरलेले अर्धे, आत असलेल्यांनी आपल्या हातांनी उघडावयाचे असते. म्हणून ज्यांच्या हाती काम आहे त्यांनी ते बाळूंप्रमाणे चोख करावे. चार रुपये मिळोत की तीन, बोटे झिजेपर्यंत करावे. आणि ज्यांच्या हाती दार आहे, मग ते शाळेचे असो, पाणवठ्याचे असो, पंचायतीचे असो की पंक्तीचे असो, त्यांनी बाहेर कोण उभा आहे हे उठून पाहावे. बाहेरच्याच्या हातचे काम आपण आनंदाने घेतो काय? घेत असू, तर त्या हातास आपल्या शेजारी बसण्याची जागा दिली आहे काय?

आपल्या गावच्या माळावर संध्याकाळी पोरे फळी-चेंडू घेऊन जमतात. त्यांत कोण कोठल्या वाडीचा हे चेंडू विचारीत नाही. उपदेशक व शिक्षक बंधूंनी एखादे दिवशी त्या पोरांस जवळ बसवून, कोकणच्या ह्या डावखुऱ्या गोलंदाजाची गोष्ट अवश्य सांगावी. आणि गोष्ट संपल्यावर सर्वांस एकाच घागरीचे पाणी द्यावे.